वैनीचं मत

निवडणूक आली की मला ती आधी खांद्यांत कळते. परवा दुपारी निपाणीतल्या आमच्या गच्चीवर सांडगे घालत होते. तंबाखूच्या वखारींकडून नेहमीचा उग्र वास येत होता आणि फरशी चपलेतूनही पोळत होती. खालच्या रस्त्यानं कर्णा लावलेली रिक्षा आली. आधी मराठीत, मग त्याच आवाजात कन्नडमध्ये, उमेदवाराचं नाव, खूण, हात जोडून विनंती. हातातलं पीठ तसंच धरून मी उभी राहिले. रिक्षा वळून दिसेनाशी झाली तरी माझे खांदे वर चढलेलेच होते. घरात कुणी मोठ्यानं भांडत असलं की लहानपणी चढायचे, तसे.

कुणाला उन्हाळा आंब्यानं आठवतो, कुणाला परीक्षेनं. मला एकच उन्हाळा आठवतो आणि तो निवडणुकीचा आहे. वीसेक वर्षं झाली त्याला. तेव्हा मी बेळगावला, वडगावातल्या माहेरी होते. त्या साली बेंगळूरचं आणि दिल्लीचं, म्हणजे विधानसभेचं आणि लोकसभेचं, मतदान एकाच दिवशी होतं आणि माझं ते पहिलंच.

आमचं घर विणकरांचं. पुढं दोन खोल्या, मागं पत्र्याखाली चार माग. दिवसभर त्यांची खटखट चालायची. तिची इतकी सवय की वीज गेली आणि माग थांबले की शांत वाटायचं नाही, उलट कान वाजायला लागायचे. आप्पा, म्हणजे माझे वडील, आणि अण्णा, माझा थोरला भाऊ, दोघं मागावर. आई आणि वैनी सुताच्या कांड्या भरायच्या. मी कॉलेजातून आले की त्यांच्यात बसायची.

वैनीचं लग्न होऊन तेव्हा दोन वर्षं झाली होती. ती बैलहोंगलकडची. जात आमचीच, धंदा आमचाच, पण घरात कन्नड. आमच्यात अशी लग्नं पूर्वीपासून होत आली आहेत, त्याचं कुणाला काही वाटत नसे. ती आली तेव्हा तिला मराठी येत नव्हतं. ऐकून ऐकून शिकली. "मी बाजाराला गेला" म्हणायची, "मामंजी जेवली का" विचारायची. आप्पा हसून म्हणायचे, "जेवली गं, पोटभर जेवली." मग तीही तोंडाला पदर लावून हसायची. तिच्या चुका ही आमच्या घरातली करमणूक होती.

त्या उन्हाळ्यात त्या चुकांना हसणं बंद झालं. कधी बंद झालं ते सांगता येणार नाही. एक दिवस ती म्हणाली, "दूध उतू गेला," आणि कुणीच हसलं नाही. अण्णानं नुसतं वर पाहिलं.

आमच्या गल्लीत विधानसभेचं मत म्हणजे साधी गोष्ट नव्हती. दिल्लीचं मत ज्यानं त्यानं हवं तिथं द्यावं, त्यावर चहा पीत वाद घालावा, हे चालायचं. पण बेंगळूरचं मत आपल्या माणसाला, म्हणजे हा भाग महाराष्ट्रात जावा म्हणून उभा राहणाऱ्याला. ह्यात बोलण्यासारखं काही असतं असंच कुणाला वाटत नसे. त्या वर्षी मात्र समोरचा उमेदवार दांडगा होता, मोठ्या पक्षाचा. मागाच्या विजेचं काहीतरी करतो म्हणून सांगत फिरत होता आणि गल्लीतली काही घरं आतून हलली होती. कोण हललंय ते कळत नव्हतं. त्यामुळे सगळेच सगळ्यांकडे बघत होते.

तात्या रोज संध्याकाळी गल्लीतून फेरी मारायचे. कोपऱ्यावरची पिठाची गिरणी त्यांची. वाळकं अंग, पांढरी टोपी, भुवयांवर कायम थोडं पीठ. तरुणपणी सीमाभागाच्या चळवळीत त्यांनी तुरुंग पाहिलेला होता, पण आपणहून ते कधी सांगायचे नाहीत. गल्लीतल्या भांडणांत त्यांचा शब्द शेवटचा. एकदा आमच्या उंबऱ्यावर टेकून ते आप्पांना म्हणाले, "जमिनीचा उतारा कन्नडात, दवाखान्याची पाटी कन्नडात, पोराच्या नोकरीचा कागद आला तर त्यो वाचायला शेजाऱ्याकडं जायचं. पाच वर्षांत ह्ये एक मत तेवढं आपल्याला मराठीत देता येतंय, दत्तू. त्ये बी फुटलं तर मग ऱ्हायलं काय?"

ह्यात खोटं काही नव्हतं. मला त्यांचा तो आवाज अजून ऐकू येतो.

अण्णाला त्या वर्षी मान मिळाला होता. आमच्या केंद्रावर उमेदवाराचा एजंट म्हणून बसायला तात्यांनी त्याचं नाव घेतलं होतं. शाळा अर्धवट सुटलेल्या, आप्पांच्या सावलीत वाढलेल्या अण्णाला हे फार मोठं होतं. त्यानं पांढरा शर्ट इस्त्री करून खुंटीला लावून ठेवला होता.

अशात एके दुपारी वैनीचा मामा आला. बैलहोंगलहून, जीपनं. जीपवर त्या मोठ्या पक्षाचा झेंडा. मामा पक्षाचं काम करायचा, बेळगावात सभेला आला होता, भाचीला भेटावं म्हणून वाकडी वाट करून आला. ज्वारीच्या भाकऱ्या, शेंगाची चटणी आणि गोकाकचं करदंट घेऊन आला. अर्धा तास बसला. वैनी त्याच्याशी कन्नडमध्ये भरभरून बोलली. माहेरची म्हैस व्याली होती, थोरली बहीण बाळंतपणाला आली होती, एवढंच बोलणं. मला कन्नड समजायचं, म्हणून मला ते माहीत आहे. पण बाहेर उभ्या असलेल्या जीपवरचा झेंडा अर्धा तास फडफडत होता आणि समोरच्या घरांच्या खिडक्या एकेक करून उघडत होत्या.

मामा गेल्यावर करदंटाचा पुडा तसाच पडून राहिला. आईनं शेजारी वाटायला नेला तर शेजारणीनं "गोड खात न्हाय आता" म्हणून परत पाठवला.

मतदानाला आठवडा राहिला असताना गल्लीत भंडारा फिरणार असं ठरलं. आमच्याकडे ही पद्धत होती. देवळातून यल्लम्माच्या पायाशी ठेवलेला भंडारा, म्हणजे हळद, ताटात घालून आणायचा, घरोघर जायचं, घरातल्या प्रत्येक मतदारानं ताटावर हात ठेवून शब्द द्यायचा. देवीसमोर दिलेला शब्द कुणी मोडत नसे.

तात्या आले, बरोबर गल्लीतले सात-आठ जण. सगळे दारातच उभे राहिले. ऊन उतरत होतं, ताटातला भंडारा असा पिवळा झळकत होता की नजर दुसरीकडे जाईना. आप्पांनी हात ठेवला. अण्णानं ठेवला. आईनं आधी हात पदराला पुसले, मग ठेवला. मी ठेवला. बोटांना थंडगार लागलं ते.

मग ताट वैनीपुढं आलं. तिनं वाकून ताटाला नमस्कार केला, चिमूटभर भंडारा घेऊन कपाळाला लावला आणि हात मागं घेतला.

"हात ठेव, पोरी," तात्या म्हणाले.

"मत देणार, तात्या," ती म्हणाली. "हात ठेवणार न्हाय."

अण्णाच्या मानेवरची शीर मला दिसत होती.

"का?" तात्यांनी विचारलं. रागानं नव्हे. त्यांना खरंच समजलं नव्हतं.

वैनीला शब्द जुळवायला वेळ लागला. "माझ्या मायेरात बी आज असाच भंडारा फिरतंय. तिकडं दुसऱ्या माणसासाठी. माझी आई, भैन, समदी हात ठेवत्यात. देवी एकच हाय. तिनं कुणाचं ऐकायचं?" मग थांबून म्हणाली, "देवीला मी असं मधी घालणार न्हाय. माझं मत मी मशिनीत टाकतो."

'टाकतो' म्हणाली ती. कुणी हसलं नाही.

तात्या ताटावर फडकं झाकून म्हणाले, "दत्तू, घरावर बोट येईल तुझ्या." आणि निघून गेले. बाकीचे जाताना आमच्या कुणाकडेही बघत नव्हते.

दुसऱ्या दिवशी सकाळी गिरणीवर अण्णाला सांगितलं गेलं की एजंट म्हणून तू बसू नकोस. कारण कुणी सांगितलं नाही, त्यानंही विचारलं नाही. घरी येऊन त्यानं शर्ट खुंटीवरून काढला, घडी घालून ट्रंकेत ठेवला आणि मागावर जाऊन उभा राहिला. त्या दिवशी त्याचा धागा सारखा तुटत होता. माग थांबायचा, तो गाठ मारायचा, पुन्हा सुरू करायचा.

जेवायच्या वेळी वीज गेली. कान वाजायला लागले, आणि त्या वाजण्यातच अण्णा वैनीला म्हणाला, "मला एकट्याला सांग. दुसऱ्या कुणाला कळणार न्हाय. कुणाला देणार हायेस?"

वैनी वाढता वाढता थांबली. "तुमाला तुमच्या माणसाचं नाव सांगितलं तर खोटं वाटंल. दुसरं सांगितलं तर आग लागंल. कसं सांगू?"

"मग मतदान होईस्तवर मायेराला जा."

आईनं मान खाली घातली. मी ताटातल्या भाताशी खेळत राहिले. वैनी तशीच उभी होती, हातात आमटीचा डाव. डावातून थेंब थेंब आमटी फरशीवर पडत होती.

आप्पा कधी मध्ये बोलायचे नाहीत. त्या दिवशी बोलले. पाणी पिऊन भांडं खाली ठेवलं आणि म्हणाले, "मताच्या भ्यानं सून मायेराला धाडली, असं ह्या घराचं नाव व्हायचं न्हाय. ऱ्हाऊ दे तिला." मग वैनीकडे न बघता, "पण पोरी, तू लई वजन टाकलंस आमच्यावर."

"व्हय, मामंजी," ती म्हणाली. एवढंच.

त्यानंतरचे दिवस कसे गेले ते मला सलग आठवत नाही. तुकडे आठवतात. कांड्या भरायला शेजारच्या दोघी यायच्या, त्या यायच्या बंद झाल्या. नळावर वैनीची घागर लागली की बायका आपापल्या कळश्या उचलून बाजूला सरायच्या, भांडण नाही, शब्द नाही, फक्त सरायच्या. आंब्याची पाटी घेऊन येणारा अनगोळचा माणूससुद्धा आमच्या दारात हाळी न देता पुढं जायचा, त्याला कुणी काय सांगितलं होतं देव जाणे. अण्णा वैनीशी बोलत नव्हता. पाणी हवं असलं तर मला सांगायचा.

एका संध्याकाळी प्रचाराची मिरवणूक आली. हलगी, घोषणा, गुलाल. आमच्या दारासमोर ती थांबली. इतर घरांसमोर थांबली नव्हती. घोषणा तशाच चालू, पण आता तोंडं आमच्या दाराकडे होती. उंबऱ्यावर फटाक्यांची माळ येऊन पडली. आप्पांनी दार लावलं नाही. आतल्या दाराशी पाठ टेकून ते बसून राहिले, धुरानं डोळ्यांतून पाणी येत होतं, तरी हलले नाहीत. मागच्या खोलीत वैनी मागाची धूळ झाडत होती. तिच्या हाताची गती माळेच्या आवाजानं जराही बदलली नाही. माझे खांदे तेव्हा चढले, ते बहुधा पुरते उतरलेच नाहीत.

मी पुष्कळदा विचार करते, तिला हे जमलं कसं. शिक्षण सातवी. भाषा परकी. माहेर जीपनंही दोन तास लांब. आम्हाला तिच्याबद्दल माया होती, पण त्या दिवसांत ती माया तिला दिसेल अशी आमच्यातल्या कुणी दाखवली नाही. तिनं कुणाला समजावलंही नाही. एकदा कांड्या भरताना मी विचारलं, "भीती न्हाय वाटत, वैनी?" तर म्हणाली, "वाटतंय की. रोज वाटतंय." आणि कांडी बदलली.

मतदानाच्या दिवशी सकाळी आई नवीन नऊवारी नेसली. मला वाटलं आप्पांबरोबर जाईल, दर निवडणुकीला जायची तशी. आप्पा खूण बोटानं हवेत काढून दाखवायचे आणि ती तिच्यावरच शिक्का मारून यायची. त्या दिवशी ती वैनीजवळ गेली आणि म्हणाली, "चल गं. रांग वाढंल."

आम्ही तिघी गल्लीतून निघालो. मध्ये वैनी. दारादारात माणसं होती. आई कुणाकडे बघत नव्हती, पण चालत मात्र अगदी हळू होती, एरवी चालायची त्याहून हळू.

मराठी शाळेत केंद्र होतं. बाक एकावर एक रचलेले, भिंतीवर मुळाक्षरांचा तक्ता. फाटकाबाहेर मंडपाखाली तात्या बसले होते. रांगेत आमच्या पुढं-मागं जागा मोकळी राहिली. दाराशी कागद डकवला होता, कन्नडमध्ये. बायका त्याच्याकडे बघून एकमेकींना विचारत होत्या. शिक्का नाही, मशिन, आणि तीही दोन, हे सगळ्यांनाच नवीन होतं. आईनं मोठ्यानं विचारलं, "काय लिवलंय गं त्यात?"

वैनीनं वाचलं. "पयलं मशिन बेंगळूरचं. दुसरं दिल्लीचं. दोन्हीकडं एकेकच बटन दाबायचं. लाल दिवा लागंल, शिट्टी वाजंल, मग सरकायचं."

मागून एक बाई म्हणाली, "ती सांगंल त्ये ऐकू नका गं."

आई वळली. "मग तू वाच," म्हणाली. "वाच की. मी तुझं ऐकते."

थोड्या वेळानं पलीकडच्या म्हातारीनं हळूच वैनीला विचारलं, "दोन्हीकडं दाबायचं न्हवं का, पोरी?" वैनी म्हणाली, "व्हय, आज्जी, दोन्हीकडं."

आधी आई गेली, मग वैनी. पुठ्ठ्याच्या आडोशामागं ती दिसेनाशी झाली. एक लांब शिट्टी. जरा वेळ काहीच नाही. मग दुसरी. ती बाहेर आली तेव्हा बोटाची शाई वाळावी म्हणून फुंकर मारत होती.

मग माझी पाळी आली. त्या आडोशामागं उभी राहिले आणि एक विचित्र जाणीव झाली. माझ्या अठरा-एकोणीस वर्षांत मी कुठेही इतकी एकटी नव्हते. घरात नाही, न्हाणीत नाही, देवळात तर नाहीच. कुणाचीही नजर नाही अशी ती हातभर जागा. बोट बटणापर्यंत नेताना मला वैनी तिथं एवढा वेळ का थांबली असेल ते कळल्यासारखं वाटलं.

आपला माणूस पडला.

मोजणीच्या दिवशी दुपारी माणसं परतली ती हलगीशिवाय. एवढ्या माणसांच्या चपलांचा आवाज मी त्याआधी कधी ऐकला नव्हता. आमच्या दाराशी ते थांबले. सगळे नाही, दहा-बारा जण. त्यातला एक अण्णाचा लहानपणापासूनचा सोबती. तो म्हणाला, "घरातलंच फुटलं, त्याला बाहेरचं काय करणार?"

आप्पा उठायला लागले. त्यांच्याआधी अण्णा बाहेर गेला. गळ्यात सुताचे तुकडे, हाताला तेल. वैनीशी तो तेव्हाही बोलत नव्हता.

"एका मतानं पडला न्हाय त्यो," अण्णा म्हणाला. आवाज चढवला नव्हता. "माझ्या बायकोनं कुणाला दिलं, मला ठाव न्हाय. इचारलं, तिनं सांगितलं न्हाय. तुझ्या बायकोनं कुणाला दिलं, तुला ठाव हाय?"

सोबती मागं सरला.

"तिनं भंडाऱ्यावर हात ठेवलाय, म्हनून तुला वाटतंय ठाव हाय," अण्णा म्हणाला. "गल्लीतल्या समद्यांनी हात ठेवलता. मग ही मतं गेली कुठं? माझ्या बायकोनं खोटा शब्द तरी दिला न्हाय देवीला."

मग मागून तात्या पुढं आले. टोपी हातात होती, केस घामानं चिकटलेले. मला वाटलं आता ते अण्णाला काहीतरी बोलणार. ते म्हणाले, "घरला जावा समदी." आणि स्वतः मात्र उंबऱ्यावर बसले. वैनीनं पाण्याचा तांब्या आणून ठेवला. ते पाणी प्यायले. बऱ्याच वेळानं उठून गेले.

त्या संध्याकाळी अण्णानं जेवताना वैनीला म्हटलं, "चटणी वाढ." कितीतरी दिवसांतले ते पहिले शब्द होते. तिनं वाढली. आई उगीचच उठून आत गेली.

गल्लीला सैल व्हायला पुढचा पावसाळा निम्मा उलटावा लागला. तात्या आता नाहीत. आप्पाही नाहीत. वैनीचं मराठी आता माझ्याहून वडगावचं आहे, लेक मोठी झाली आहे आणि तिच्यावर ती मराठीतच रागावते. तिनं कुणाला मत दिलं होतं, मला आजही माहीत नाही. कधीकधी वाटतं तिनं आपल्याच माणसाला दिलं असेल. कधी वाटतं मुळीच नाही. अण्णालाही ठाऊक नाही आणि त्याचं त्याला काही वाटत नाही असं तो म्हणतो. मी तिला विचारलेलं नाही. तिच्या आयुष्यातली ती हातभर जागा तिची राहू दे, असं वाटतं.

आता भंडारा फिरत नाही. फोनवर संदेश फिरतात, आणि प्रत्येक घर कुणाचं हे आधीच कुणीतरी ठरवून टाकलेलं असतं. काल संध्याकाळी आमच्याकडे वस्तीतला एक कार्यकर्ता आला. ओळखीचा, चांगला माणूस. ह्यांच्याशी ऊन, वीज, बाजार सगळं बोलून झालं. चहा झाला. उठताना मला म्हणाला, "वैनी, तुमच्या घरातली पाच धरतो आमच्याकडं. व्हय न्हवं?"

सासरे कोचावर पेपर वाचत होते, सासूबाई दाराशी शेंगा सोलत होत्या. यंदा अठरा पूर्ण झालेला मुलगा मोबाइलमध्ये होता. मी कपबश्या गोळा करत होते. खांदे चढलेले मला जाणवले.

"चार धरा," मी म्हणाले. "माझं धरू नका. मी देणार आहे, पण ते धरू नका."

तो हसला. त्याला वाटलं मी थट्टा करतेय. दुसरं कुणी हसलं नाही, तसा तोही थांबला. सासूबाईंचा शेंगा सोलणारा हात अधांतरी राहिला. ह्यांनी माझ्याकडे पाहिलं, लग्न होऊन इतकी वर्षं झाली तरी कधी पाहिलं नव्हतं तसं. मी कपबश्या ट्रेमध्ये ठेवल्या.

मग हे त्या माणसाकडे वळले.

"तीन धरा," म्हणाले.